दोन गाड्या, एक मॅग्नेटो

स्वातंत्र्य मिळून बरोबर सात वर्षं झाली त्या सकाळी, अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वृंदाच्या हातातली गाडी दोन उचक्या देऊन बंद पडली. शेजारी आण्णा, म्हणजे तिचे वडील. मागे राजाआत्या मांडीवर पूजेचं ताट धरून. आणि सभोवती हां हां म्हणता जमलेली माणसं... कारण सत्तावीस सालची गाडी आणि ती चालवणारी वीस वर्षांची मुलगी, दोन्ही एकाच वेळी फुकटात बघायला मिळत होतं.

"रेडिएटर तापलाय, पाणी घाला. दर मैलाला घालावं लागत असेल ना?" सायकलवरचा एक तरुण म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?" वृंदाने जरा तोऱ्यातच विचारलं.

"आवाजावरून. हिची सख्खी बहीण आहे माझ्याकडे."

त्याचं नाव जयदेव. घर कात्रपला, शेतकऱ्याचं. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या ट्रकांखाली लोळून कारागिरी शिकलेला आणि आता उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये शेड टाकून बसलेला. आण्णांच्या कारखान्यातले गोरे साहेब मायदेशी गेले तेव्हा त्यांच्या दोन जुळ्या गाड्या लिलावात निघाल्या होत्या. एक आण्णांनी घेतली, दुसरी भंगारवाल्यांच्या हातांतून फिरत जयदेवकडे आली. तिच्यात सगळं होतं, फक्त मॅग्नेटो नव्हता. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारा नारळाएवढा डबा. तो नसेल तर गाडी म्हणजे चार चाकांचा बाक.

तिथेच, रस्त्यावर, करार झाला. जयदेवने आपला धड रेडिएटर आण्णांना कायमचा द्यायचा, त्यांचा तापणारा स्वतः दुरुस्त करून वापरायचा आणि आण्णांनी वर्षातून एक दिवस मॅग्नेटो जयदेवला द्यायचा.

"कोणता दिवस?" आण्णांनी विचारलं.

"सव्वीस जानेवारी."

"इश्श! मागायचाच तर पंधरा ऑगस्ट मागावा. खरा सण तोच," वृंदा म्हणाली.

"पंधरा ऑगस्टला नुसती गाडी ताब्यात आली, बाई. लायसन मिळालं ते सव्वीस जानेवारीला. बिनलायसनची किती दिवस चालवणार?"

"आणि गाडीच नसती तर लायसन काय चुलीत घालायचं होतं?"

आण्णा मनापासून हसले. जयदेवने खिशातून कोरी चिठ्ठी काढून तिच्यावर करार लिहिला. ती वृंदाने आपल्या शिवणाच्या डब्यात ठेवली. का ठेवली, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

मग रेडिएटर बसवायला तो आला. मग रेडिएटर बघायला आला. मग रेडिएटरला काही होत नाहीये ना, हे बघायला आला! पाच महिन्यांत पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीचं भांडण काही मिटेना आणि मिटावं असं दोघांनाही वाटेना. पाना देताना बोटाला बोट लागलं की मात्र भांडण मध्येच थांबायचं. त्यापुढे एकाचीही जीभ रेटत नव्हती.

जानेवारीत जयदेवने आपली गाडी हिरवी रंगवली. सव्वीसच्या दोन दिवस आधी मॅग्नेटो नेला, बसवला आणि गाडी कात्रपला आईच्या दारात नेऊन उभी केली. आईला, बनूबाईला, पुढच्या सीटवर बसवून गावभर झेंडा मिरवायचा, एवढाच त्याचा बेत होता.

आणि पंचवीस तारखेला आण्णांचा निरोप गेला, मॅग्नेटो परत आणा.

राजाआत्याने नागपूरचं स्थळ आणलं होतं. सव्वीसला सगळ्यांनाच सुट्टी, म्हणून मुलगी बघण्याचा कार्यक्रमही सव्वीसलाच. मंडळी बदलापुरात नातेवाइकांकडे उतरली होती. त्यांना गाडीने आणू, असा शब्द आण्णा देऊन बसले होते. आत्याने बजावलं होतं, "पाहुण्यांपुढे गाडी चालवण्याचं नावसुद्धा काढायचं नाही. हाताचं काळं आधी घासून काढ." मुलाच्या आईने पत्रातच लिहिलं होतं, मुलगी पसंत पडली तर कुंकू लावूनच उठू.

पंचवीसच्या संध्याकाळी जयदेव आला. स्वच्छ फडक्यात गुंडाळलेला मॅग्नेटो त्याने मुकाट्याने बसवला. वृंदा कंदील धरून उभी होती.

"इतक्या सहज आणून दिलात?"

"साहेबांनी मागितला. त्यांचाच आहे."

"अन् तुमची सव्वीस जानेवारी?"

"पुढल्या वर्षी येईल की."

"पुढच्या वर्षी मी नागपूरला असेन."

जयदेवचा हात थांबला... आणि पुन्हा चालू लागला. "नागपूरचे रस्ते चांगले असतात म्हणे," तो खाली मान घालून म्हणाला.

तिला इतका राग आला की कंदील त्याच्याच डोक्यात घालावा. "आणखी काय काय असं देऊन टाकणार आहात, ते तरी सांगून ठेवा!" एवढं बोलून ती आत निघून गेली. गाडी सुरू न करताच तो गेल्याचं तिला आतून कळलं. एरवी चारचारदा सुरू करून कान लावून ऐकणारा माणूस! पण रागाच्या भरात तिने त्याचा विचार केला नाही.

तो बोलणार नव्हता. मग उरलं कोण? सकाळी आण्णा कारखान्यात झेंडावंदनाला गेल्यावर वृंदाने शिवणाच्या डब्यातली चिठ्ठी काढली, तिची करंगळीएवढी पट्टी फाडली आणि मॅग्नेटोच्या दोन पॉइंटांमध्ये सरकवून दिली. मध्ये कागद आला की ठिणगी पडत नाही. हे तिला जयदेवनेच शिकवलं होतं.

पावणेनऊला आण्णा परतले. नऊला निघायचं होतं. त्यांचा खांदा दुखरा, म्हणून गाडी सुरू करायचं हँडल मारायला जयदेवला बोलावलेलं होतं. त्याने हँडल मारलं. एकदा, चारदा, दहादा. गाडी ढिम्म.

"काय झालं हो?" आण्णांनी घड्याळ काढलं.

"बघतो, साहेब." पण तो काही बघेचना. नुसतं हँडल मारत राहिला.

नऊ वाजून दहा. आत्या दारात येऊन देवाचं नाव घेऊ लागली. आण्णांच्या कपाळावर घाम आला. नऊ वाजून वीस. "आयुष्यात दिलेला शब्द मोडला नाही मी," ते कुणाला उद्देशून नव्हे, असंच म्हणाले.

वृंदाला ते बघवेना. नवी जरीची साडी खोचून ती पुढे आली. "मी बघते, आण्णा." आत्या ओरडली, पण आण्णांनी हाताने गप्प केलं. वृंदाने झाकण काढलं, पाठमोरी होऊन कागदाची पट्टी हळूच ओढून मुठीत घेतली. संपलं. आता गाडी सुरू होईल, पाहुणे येतील आणि कुंकू लागेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मारा हँडल," ती म्हणाली.

जयदेवने मारलं. गाडी ढिम्म.

"पुन्हा."

काही नाही! वृंदा चकित झाली. कागद तर काढला होता. तिने आतलं दुसरं झाकण उघडलं. तिथे ठिणगी पुढे पोचवणारा पेन्सिलीच्या टोकाएवढा कोळशाचा तुकडा असतो, कार्बन म्हणतात त्याला. तो नव्हता. आणि तो आपण होऊन पडत नाही. कुणीतरी काढावा लागतो.

तिने वर पाहिलं. जयदेव आपल्या चपलांकडे बघत होता. कान लालभडक झाले होते.

"कुठाय?" तिने अगदी हळू विचारलं.

"खिशात. काल संध्याकाळपासून."

"का काढलात?"

"रस्ते चांगले असले म्हणून काय झालं... तुम्ही जाऊ नये, असं वाटलं." मग त्याची नजर तिच्या मुठीकडे गेली. पट्टीचं टोक बाहेर डोकावत होतं, त्यावर त्याचंच अक्षर. "आणि ही?"

"मलाही जायचं नव्हतं... तुम्ही बोलेचनात."

"बोलायची हिंमत असती तर चोरी कशाला केली असती?"

तिला हसू आलं आणि रडूही. आता कार्बन गुपचूप लपवून ठेवला असता तर काम फत्ते होतं. पण मागे आण्णा उभे होते, घड्याळ हातात धरून, एकाएकी म्हातारे झाल्यासारखे.

ती वळली. "आण्णा, गाडी आम्ही बंद पाडली. मीही आणि यांनीही. एकमेकांना न सांगता. मला नागपूरला जायचं नाहीये."

आत्याने कपाळावर हात मारला. आण्णांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "माझा शब्द गेला, वृंदे!"

"शब्द काल गेला, आण्णा," ती म्हणाली. "आजचा दिवस यांचा होता. तुम्हीच दिला होता." आणि तिने मूठ उघडली.

आण्णांनी पट्टी हातात घेतली. तिच्यावर एवढंच उरलं होतं – सव्वीस जानेवारी, जयदेव. ते बराच वेळ ती वाचत राहिले, जणू पानभर मजकूर होता.

"कार्बन बसवा," शेवटी ते म्हणाले.

जयदेवने खिशातून काढून कार्बन बसवला. पहिल्याच हँडलला गाडी सुरू झाली.

"मी बदलापूरला जातो. पाहुण्यांना हात जोडून सांगेन, आमचं चुकलं. निरोप धाडणार नाही, तोंडावर सांगेन." आण्णा मागच्या सीटवर जाऊन बसले. "तिथून कात्रप किती लांब?"

"हाकेच्या अंतरावर, साहेब."

"मग हा डबा तिथे उतरवून तुमच्या गाडीला लावा. तारीख अजून संपलेली नाही. आणि... तुमच्या आईशी मला बोलायचंय."

जयदेवच्या हातातलं हँडल खाली पडलं.

"पण साहेब, तुमची गाडी तिथेच अडकेल. तुम्ही परत कसे येणार?"

"कसे म्हणजे? सगळे मिळून तुमच्या गाडीतून," वृंदाने स्टिअरिंगमागे बसत म्हटलं. "मॅग्नेटो एकच आहे ना?"

"चालवतेस खुशाल," आण्णा मागून गुरगुरले, "पण लायसन आहे का?"

जयदेव तिच्या शेजारी बसला आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत सरळ बघून हसला. "आज मिळेल, साहेब. आज सव्वीस जानेवारी."