समीक्षाच्या आईची काठी

आमचा नातू धनेश कुणाच्या मागं धावणारा नव्हे. पण त्या दिवशी पनवेलच्या एसटी स्टँडसमोर एका रिक्षातून काठी पडली, आणि हा मला बांगड्यांच्या दुकानात सोडून रिक्षामागं धावला. परतला तो कान लाल करून.

"काठी तुमची?" यानं विचारलं म्हणे.

"आईची. पण एवढी धाप लागलीय, तर तुम्हीच ठेवा," रिक्षातली पोर म्हणाली.

सहा महिन्यांनी म्हणतो, "आजी, लग्न करीन तर समीक्षाशी."

मी चाळीस वर्षं धवलारीण. मी धवले गायल्याशिवाय गावात लग्न लागत नाही, नातवाचं तर नाहीच. तिच्या घरी जाऊन आले. आई काठी टेकत उठली, खळी पाडून हसली. मी पोरीला तोंडावर विचारलं, "हे दुखणं तुझ्यात उतरंल का?"

"आजी—" धनेश कळवळला.

"विचारू दे," समीक्षा म्हणाली. "मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. मला धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, पण होईलच असं नाही. रोगाशी लढणारी अंगातली फौज आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडते."

"म्हंजे राखणीचा कुत्रा घरच्यालाच चावतो."

"तसंच."

"का पन?"

"थोडं रक्तातून, थोडं बाहेरून... एखादा विषाणू, कमी ऊन. पुरतं डॉक्टरांनाही ठाऊक नाही."

डॉक्टरांना ठाऊक नाही, तिथं चौथी नापास मी काय समजणार? हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

आठवड्यानं विचुंब्याला एका हळदीत बघते, तर तीच बाई, तीच खळी, बिनकाठीची नाचतेय. माझं डोकं फिरलं. मनगट धरलं तिचं. "काठी कुठं गं तुझी? आमाला फसवतेस?"

"मावशी, काठी इथं हाय," मागून आवाज आला. खुर्चीत तोच चेहरा, मांडीवर काठी. "ती माझी जुळी बहीण. रक्तबिक्त सगळं एकच, असं डॉक्टर म्हनतात. मला झालं, तिला काय नाय."

मी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. रक्त एक, आणि एक नाचते, एक बसते... मग मी त्या पोरीला काय विचारत होते?

मांडवाच्या खांबाआड धनेश आणि समीक्षा उभी होती. त्यांना वाटतं, म्हातारीला ऐकू येत नाही.

"उद्या मला झालं तर?" समीक्षा विचारत होती.

"काठी पडली की आणून देईन. मला सवय आहे."

"आणि धाप लागली तर?"

"तर... तूच ठेव मला."

ती हसली. गालावर तीच खळी. तेवढी मात्र उतरलीय, नक्की.

दुखण्याचं मला अजून काही कळलेलं नाही. मी खुर्चीपाशी जाऊन बसले. "तुमा दोघींची नावं सांग गं," म्हटलं. "नातवाच्या धवल्यात घ्यायची हायत. थोरली कोन, तेवढं नीट सांग."