पितळेचा कीस

मी इंजिन बंद केले. बोनेट उघडे होते. रेडिएटरवरून उष्ण हवेची थरथर वर चढत होती आणि तिच्याखाली, इंजिनात कुठेतरी, अगदी बारीक टिकटिक चालू होती. मानसिंगराव काठीवर दोन्ही हात ठेवून खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, मीही त्यांच्याकडे पाहिले नाही. मनातल्या मनात मी मोजत राहिलो. अकराव्या सेकंदाला आवाज थांबला.

"लोखंड गार होताना वाजतं, तात्या," मी म्हणालो.

ते खरे होते. पण गार होणारे लोखंड अडखळत वाजते. हा आवाज एकदाही अडखळला नव्हता.

बारामतीत भिगवण रस्त्यालगत माझे गॅरेज आहे. माझे म्हणजे वडिलांचे, दत्तोपंतांचे. मी मराठी घेऊन एम. ए. झालो, कविता लिहिल्या, आणि वडील गेल्यावर त्यांचे पाने हाती घेतले. काटेवाडीच्या मानसिंगरावांची गाडी तेव्हापासून माझ्याकडेच येते. काळी ॲम्बॅसिडर, चौसष्ट सालची. त्यांच्या पत्नी यशोदाबाई नवरी होऊन याच गाडीतून आल्या होत्या. येत्या रविवारी त्यांची नात उत्कर्षा याच गाडीतून सासरी जायची होती. त्याआधी हा आवाज घालवायचा, इतकेच माझे काम होते.

मी रीतीने तपास केला. झडपा ढकलणारे टॅपेट सैल झाले तर टिकटिकतात, पण ती टिकटिक इंजिनाच्या गतीबरोबर वाढते. मी ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरले, टिकटिक मात्र होती तशीच राहिली, सेकंदाला पाच. मग तळाचा नट सोडून तेल पांढऱ्या कापडावर गाळले. कापडावर धातूचा कीस उरला, मिठाइतका बारीक. त्यावर लोहचुंबक फिरवला, एक कणही हलला नाही. म्हणजे इंजिनाचा लोखंडी दांडा, क्रँक, झिजत नव्हती. कीस पिवळा होता, पितळेचा. दांड्यांभोवतीचे पितळी बुश झिजले असतील असे समजून मी ते उघडले. ते शाबूत होते. त्या इंजिनात पितळ झिजावे अशी दुसरी जागा मला माहीत नव्हती.

नवे तेल भरले, दहा मिनिटे इंजिन चालवले, पुन्हा गाळले. या वेळी कण साखरेएवढे होते.

तिसऱ्या दिवशी तेलाचे चेंबरच उतरवले. तळाशी तांदळाच्या कणीएवढे तुकडे होते. भिंग लावून पाहिले तर एका तुकड्याला कडेने दाते होते. समान अंतरावरचे, कुणीतरी मन लावून कापलेले. शेजारी काचेची एक पातळ कपची होती. झिजणाऱ्या गोष्टीचा कीस दिवसागणिक बारीक होत जातो, निदान मोठा तरी होत नाही. माझ्या पुढ्यातली गोष्ट झिजत नव्हती. ती जुळत होती.

चौथ्या दिवशी दुपारी पोलादाच्या चकतीचा अर्धा भाग निघाला. मी तो केरोसीनने धुतला. त्यावर सोनाराच्या हाताने कोरलेली दोन अक्षरे होती. 'मान'.

मी चकती पालथी घातली आणि बराच वेळ हात धूत राहिलो.

बारा वर्षांपूर्वी हेच इंजिन याच छपराखाली उघडले होते. तेव्हा वडिलांकडे आबाजी नावाचे मिस्त्री होते. त्यांची एक रीत होती. इंजिन उघडण्याआधी तिथे असलेल्या प्रत्येकाने अंगठी, घड्याळ, गळ्यातले काढून चहाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. इंजिन मिटेपर्यंत डबा उघडायचा नाही. ते म्हणत, "आत कुनाचं काय ऱ्हायलं न्हाय पायजे." मालकही त्यातून सुटत नसे. मानसिंगरावांनी हसत हसत आपले किल्लीचे घड्याळ काढून दिले. यशोदाबाईंच्या माहेरून लग्नात मिळालेले, पाठीवर नाव कोरलेले. काम तीन दिवस चालले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलेजात काव्यवाचन होते. मोकळे मनगट घेऊन व्यासपीठावर जायची मला लाज वाटली. डब्यातून मानसिंगरावांचे घड्याळ घेतले. सकाळी परत ठेवणार होतो. कविता वाचली, टाळ्याही मिळाल्या. परतताना कालव्याच्या पुलावर ते मनगटावरून निसटले आणि कठड्यावर आपटले. काच तडकली, काटा वाकला. तेवढेच झाले होते. तेवढे सांगता आले असते. मी ते कालव्यात सोडून दिले. नीरेचे पाणी भरून चालले होते. पडल्याचा आवाजही आला नाही.

डबा उघडला तेव्हा आबाजी एवढेच म्हणाले, "डबा माझ्याकडं व्हता." वडिलांनी त्यांना जा म्हटले नाही, फक्त संध्याकाळी 'उद्या या' असे नेहमीप्रमाणे म्हटले नाही. आबाजी इंदापूरला निघून गेले. मी दारात उभा होतो. हातात कवितांची वही होती.

आता पाचव्या दिवशी मी इंदापूरला गेलो. सांगून टाकायचे ठरवून गेलो, हे नमूद करतो. महामार्गालगत, ट्रक थांबतात तिथे, एका टपरीच्या सावलीत आबाजी ट्रकचे पंप दुरुस्त करत बसले होते. केस पिकले होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटले नाही.

"दत्तोपंतांचा विराज न्हवं? ये. कविता-बिविता चालू हाय का अजून?"

मी गाडीचा आवाज सांगितला. कीस सांगितला. चकती सांगितली नाही.

"हात थरथरत्यात आता," ते म्हणाले. "कान शाबूत हाय. येतो. पर मानसिंगरावांनाबी बोलाव. त्यांच्यासमोरच ऐकीन."

निमगावचे पानमळे गेले, जंक्शन गाव गेले, दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. पन्नास किलोमीटर आबाजी शेजारी बसून होते आणि त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. वाक्य माझ्या तोंडात तयार होते. त्याची रचनाही मी दोनदा सुधारली.

गॅरेजमध्ये मानसिंगराव आधीच येऊन बसले होते. दोघांनी एकमेकांना रामराम केला. आबाजींनी फळीकडे पाहिले. चहाचा तो डबा अजून तिथेच होता. निघालेले सगळे तुकडे मी त्यातच ठेवत आलो होतो. दुसरी जागा सुचली नव्हती.

आबाजींनी लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर मागितला. इंजिन चालू करायला मी बॅटरी जोडायला वळलो.

"नगं," ते म्हणाले. "बंदच असू दे."

त्यांनी टोक इंजिनावर टेकवले, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. बॅटरी मी सकाळीच काढून ठेवली होती. तरी टिकटिक आम्हा तिघांनाही ऐकू येत होती. स्वच्छ, न अडखळणारी.

थोड्या वेळाने ती थांबली.

"पुरं झालं," आबाजी पुटपुटले.

मग मी ऐकले. फळीवरच्या डब्यातून तीच टिकटिक सुरू झाली होती.

मानसिंगरावांनी फळीकडे पाहिले नाही. ते आबाजींकडे पाहत होते.

"आबाजी," ते म्हणाले, "रविवारी नात जायचीय या गाडीतनं. मला मनात काय ठेवायचं न्हाय. खरं सांग. त्या टायमाला घड्याळ तू घेतलं व्हतंस का?"

आबाजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. गाडीखाली पडल्या पडल्या हात पुढे करून, पाना कधी मिळतो याची वाट पाहताना ते जसे पाहत, तसे.

वाक्य तयार होते.

"टॅपेट सैल झाले होते, तात्या," मी म्हणालो. "घट्ट केलेत. आता आवाज येणार नाही."

आबाजींनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मूठ गरम होती.

त्यांनी कापडाला हात पुसले. फळीवरचा डबा उचलून काखेत घेतला, पूर्वी घेत तसाच, झाकणावर तळवा ठेवून.

"आबाजी, मी काय इचारलं?" मानसिंगराव म्हणाले. उजव्या हाताची दोन बोटे रिकाम्या डाव्या मनगटाशी किल्ली दिल्यासारखी फिरत होती, आणि त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

आबाजी फाटकातून बाहेर पडले. मागे न पाहता एसटी स्टँडच्या दिशेने वळले आणि रस्त्यावरच्या गर्दीत दिसेनासे झाले.

टिकटिक मात्र माझ्यापासून तिळभरही लांब गेली नाही.