म्हाताऱ्या घोड्यांचा बांध

"कांचा पाणी पीत नाहीये," पिएरो म्हणाला.

"तहान नसेल," त्याची मोठी बहीण नायेली चालता चालताच म्हणाली. तिच्या काखेत सर्फिंगची फळी होती आणि डोक्यात फक्त लाटा. अठ्ठावीस जुलैच्या जत्रेत मुलांची लाटांवरची स्पर्धा होती आणि यंदा ती तिला जिंकायचीच होती.

"तहान नाही कशी? जीभ बघ, गुडघ्यापर्यंत लोंबतेय."

कांचा म्हणजे अंगावर एकही केस नसलेला काळा तुळतुळीत कुत्रा. समुद्रावर जाताना तो रोज बाबांच्या खाचरापाशी थांबायचा आणि पोट टम्म होईपर्यंत पाणी प्यायचा. वान्चाकोच्या कोळ्यांची ही खाचरं किनाऱ्याला लागूनच आहेत, वाळूत खोल खणलेली. तळाशी गोडं पाणी झिरपतं आणि त्यात लव्हाळा माजतो. त्याच लव्हाळ्याच्या मोळ्या आवळून होड्या करायच्या, टोक वर वळलेल्या. त्यांच्यावर मांड टाकून लाट फोडायची, म्हणून गावात त्यांना घोडेच म्हणतात.

आज मात्र कांचाने पाणी हुंगलं, नाक झटकलं आणि तो मागे सरला.

"आमच्या लिमाची कुत्री पण अशीच नखरेल असतात," रेंझो म्हणाला. हा त्यांचा आतेभाऊ, राजधानी लिमाहून सुट्टीला आलेला. आल्यापासून प्रत्येक गोष्टीत 'आमच्या लिमात' हे तोंडी लावणं चालूच होतं.

पिएरो खाली उतरला. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि लगेच थुंकून टाकलं.

"ताई, खारट आहे गं."

नायेलीने फळी वाळूत टाकली. तिनेही चव घेतली. मग ती लव्हाळ्याच्या कोवळ्या पात्यांकडे बघत राहिली. कडेच्या रांगेची टोकं पिवळी पडली होती. आणि त्या पात्यांमधून, जणू स्वतःच्याच घरात हिंडतोय अशा थाटात, एक समुद्रातला खेकडा तिरका तिरका चालत गेला.

खारं पाणी मुळाशी बसलं की लव्हाळा कुजतो. लव्हाळा नाही तर घोडे नाहीत. आणि घोडे नाहीत तर बाबांनी करायचं काय? शेजारच्या कार्मेलाचे बाबा खाचर बुजवून चिंबोतेच्या मासळीच्या कारखान्यात गेले होते. ते आता महिन्यातून एकदा घरी येतात आणि दिवसभर झोपून काढतात.

बाबा किनाऱ्यावर नवा घोडा बांधत बसले होते. मोळीवर पाय रोवून दोरी ओढत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"जुलै म्हणजे आपला ऐन हिवाळा. धुक्यात लव्हाळा पिवळा पडतोच."

"आणि पाणी खारट?"

"कुत्र्याचं ऐकून तुम्हाला तसं वाटलं असेल."

"आणि खेकडा, मामा?" रेंझोने विचारलं.

"खेकड्याला पाय असतात, बाळा. जातो कुठेही."

पिएरो हसला. पण नायेली हसली नाही. बाबांनी आत्ताच मारलेली गाठ सोडली होती आणि पुन्हा तीच गाठ मारली होती. बाबा गाठ कधी चुकत नसत.

"ते काहीतरी लपवतायत," थोडं लांब गेल्यावर ती म्हणाली. "चला, आपणच बघू."

धुकं एवढं दाट होतं की समुद्र नुसता ऐकू येत होता. खाचराच्या कडेला पिएरोला वाळलेल्या शेवाळाची एक वेडीवाकडी रेघ सापडली. पाणी जिथवर येऊन परतलं, तिथे समुद्राने आपली खूण ठेवली होती. त्या रेघेचा माग काढत तिघं आणि कांचा समुद्राच्या दिशेने निघाले.

खाचरं आणि समुद्र यांच्यामध्ये गोट्यांचा बांध होता. तो कुणी बांधलेला नव्हता. समुद्रानेच एकेक गोटा आणून रचला होता, नायेलीच्या कमरेएवढा उंच. त्याच्या या अंगाला वान्चाकोची पोरं रांगायला शिकतात आणि त्या अंगाला पोहायला.

रेघ बांधापाशी आली आणि तिथे बांधच नव्हता. ट्रॅक्टर आरामात जाईल एवढं भगदाड होतं. ट्रॅक्टर गेलाही होता, चाकांचे ठसे ओल्या वाळूत अजून दिसत होते.

"रात्रीच्या भरतीने इथूनच जीभ आत घातली," नायेली म्हणाली. "पण भरती तर साधीच होती. लाटा गुडघ्याएवढ्या!"

तेवढ्यात धुक्यातून एक लाट आली. ती खरंच गुडघ्याएवढी होती. पण फुटल्यावर ती थांबेचना. सरसरत, फेस पसरत ती चढतच गेली आणि तिघांचे पाय भिजवून भगदाडाच्या तोंडाशी जाऊन मग कुठे परतली. त्यानंतर बराच वेळ काही नाही. एवढी शांतता की पिएरोला कांचाचा श्वास ऐकू आला. मग पुन्हा तशीच एक लाट.

नायेलीच्या लक्षात आलं. छोटी लाट इतकी लांब चालते, म्हणजे तिला मागून कोणीतरी ढकलतंय.

रेंझोने फोन काढला होता. आता त्याच्या तोंडी लिमा नव्हती. "खाली दक्षिणेला, बर्फाच्या बाजूला मोठं वादळ झालंय. दोन लाटांमधलं अंतर जेवढं जास्त, तेवढं वादळ मोठं आणि लांबचं. ह्या लाटा पुढे धावत आलेल्या आहेत. खरी फौज मागे आहे."

"कधी पोचणार?"

"उद्या दुपारी. भरतीच्याच वेळेला."

तिघंही भगदाडाकडे बघत राहिले. हजारो मैल लांब कुठेतरी वारा सुटला होता आणि त्याने ढकललेलं पाणी न थांबता, न झोपता त्यांच्या बाबांच्या खाचराकडे निघालं होतं. पिएरोने हळूच ताईचा हात धरला.

"चाकांच्या मागे जाऊ," नायेली म्हणाली.

ठसे थेट जत्रेच्या मैदानात गेले. तिथे फाउस्तिनोकाकांचं भलंमोठं व्यासपीठ उभं राहत होतं. गावातली प्रत्येक जत्रा, प्रत्येक मिरवणूक फाउस्तिनोकाकांच्या हातून जायची आणि थोडीफार बिघडूनच जायची. माणूस वाईट नव्हता. फक्त काम उरकायची भारी घाई. व्यासपीठाचा पाया गोट्यांचा होता. सगळे गोटे एका अंगाने उन्हाने आणि पक्ष्यांनी पांढरे केलेले, दुसऱ्या अंगाने काळे. बांधावरचेच.

"काका, हे गोटे खाचरापुढचे ना?" पिएरोने विचारलं.

"अरे, बांध केवढा लांब आहे! दोन गोटे उचलले तर कुठे बिघडलं?" फाउस्तिनोकाका भोपळ्याच्या पिठाची तळलेली गोल कडी पाकात बुडवत म्हणाले. "समुद्र काही तिथवर येत नाही."

"उद्या मोठी लाट येणारे."

"लाट येणार ती दक्षिणेच्या बंदरांना. बंदर कचेरीतून मला फोन आला होता, मी विचारलंय. जा, खेळा."

नायेली ओरडणार होती, पण रेंझोने तिचा दंड दाबला. शेजारच्या टपरीवर कोळी जेवायला बसले होते. बाबाही होते आणि सगळ्यांत वयस्कर पेत्रोनिलोआजोबाही. रेंझो त्यांना ऐकू जाईल अशा बेताने, अगदी लिमाच्या शाळेतल्या अदबीने बोलू लागला.

"काका, तुमचे हे एवढाले स्पीकर धुक्यात भिजतायत हो."

"ते तर आहेच. ठेवू कुठे?"

"खाचरांपाशी भगदाडाच्या आत सपाट जागा आहे ना! आडोसा पण आहे. तिथे ठेवा. तुमची नवी गाडीसुद्धा तिथेच लावा. परवा सकाळी काढा."

"तिथे? नको नको."

"का हो? समुद्र तर तिथवर येत नाही."

"येत नाही, पण… उद्या दुपारी… म्हणजे उगाच कशाला…"

"उद्या दुपारी काय आहे, काका?" नायेलीने निरागसपणे विचारलं.

टपरीवरचे चमचे थांबले. फाउस्तिनोकाकांची त त प प सुरू झाली. पेत्रोनिलोआजोबा वाडगा बाजूला ठेवून उठले.

"फाउस्तिनो, बंदर कचेरी काय म्हणाली?"

"म्हणाली, होड्या वर ओढा, धक्का बंद करा. पण आजोबा, जत्रा तोंडावर आलीये! लोक घाबरले तर येणार कोण? आणि गोटे काय मी चोरले नाहीत. ओनोरिओला विचारूनच घेतलेत."

ओनोरिओ म्हणजे बाबा. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. नायेलीला वाटलं, आत्ताच्या आत्ता धुकं आणखी दाट व्हावं आणि बाबा कुणालाच दिसू नयेत.

बाबा उभे राहिले.

"खरंय," ते म्हणाले. "बांध चढून मोळ्या आणताना पार कंबरडं मोडतं. म्हटलं, वाट झाली तर बरंच आहे. सकाळी पोरं सांगायला आली, तर त्यांनाच वेड्यात काढलं मी." मग ते नायेलीकडे वळले. "किती वेळ आहे?"

"उद्या दुपारपर्यंत, बाबा."

त्यानंतर कोणी कोणाला दोष देत बसलं नाही. फाउस्तिनोकाकांनी ट्रॅक्टर काढला, माणसांनी व्यासपीठाचा कोपरा उसवायला घेतला. पण गोटे व्यासपीठाच्या पायात ठासून बसवले होते आणि वर लोखंडी सांगाडा. संध्याकाळपर्यंत भगदाड अर्धंसुद्धा भरलं नाही. माणसं हाशहुश करत बसली.

नायेली पळत घरी पहार आणायला गेली आणि परसात धडपडून पडली. भिंतीशी त्यांचा गेल्या महिन्यातला घोडा आडवा होता. लव्हाळ्याचा घोडा महिनाभर पळतो. मग तो आतपर्यंत पाणी पितो, जड होतो आणि तरंगायचा कंटाळा करतो. तरी त्याला कोणी जाळत नाही. लाटांतून परत आणलेल्याला जाळायचं कसं? म्हणून वान्चाकोच्या प्रत्येक परसात एक-दोन म्हातारे घोडे पडून असतात. नायेलीने त्याला हलवून पाहिलं. तो जागचा हलेना.

ती पहार न घेताच पळत सुटली.

"म्हातारे घोडे!" ती धापा टाकत म्हणाली. "बाबा, गोट्यांवर म्हातारे घोडे रचू! एकमेकांना बांधून!"

बाबांनी पेत्रोनिलोआजोबांकडे पाहिलं. आजोबा पहिल्यांदाच हसले. "माझ्या घरी तीन आहेत," ते म्हणाले. "माझ्याएवढेच आडमुठे."

अंधार पडेपर्यंत गाव घोडे ओढत होतं. पोरं पुढून दोरी ओढायची, बायका मागून रेटायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले आले. भगदाडात घोडे एकावर एक निजवले, मधल्या फटींत वाळूची पोती भरली आणि बाबांनी सगळ्यांना मिळून अशी दोरी आवळली की बोटांची सालं निघाली. सगळ्यांची टोकं समुद्राकडे, माना वर.

दुपारी धुकं उचललं गेलं. एखाद्याने पडदा बाजूला करावा तसं.

आणि समुद्र दिसला. क्षितिजावर काळ्या रेघा होत्या, एकामागे एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. त्या सावकाश येत होत्या. एवढ्या मोठ्या गोष्टीला घाई करायची गरज नसते. धक्क्याच्या टोकापाशी पहिली रेघ उभी राहिली आणि उभी राहतच गेली, हिरवी, गुळगुळीत, आतून उजेड असलेली. शिखरावरून पाण्याची धूळ उडाली. मग ती एका टोकाला फुटली आणि फुटत फुटत डावीकडे एवढी लांब धावली की बघताना मान वळवावी लागली. आवाज नंतर आला, कानांना नाही, तळपायांना ऐकू आला.

फाउस्तिनोकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. रेंझोच्या हातात फोन होता, पण तो फोटो काढायचं विसरला. नायेली जन्मापासून या समुद्रात होती, तरी तिला वाटलं की आजवर आपल्याला त्याचं फक्त बोट दिसलं होतं. तिला भीती वाटत होती आणि तिथून जावंसंही वाटत नव्हतं.

चौथी की पाचवी लाट बांधापर्यंत आली. फेसाचा पांढरा लोंढा भगदाडावर आदळला. म्हाताऱ्या घोड्यांनी माना वर उचलल्या. दोऱ्या करकरल्या. एक घोडा फाटला आणि त्याचा लव्हाळा हवेत उधळला.

"धरा रे," बाबा पुटपुटले. ते माणसांशी बोलत नव्हते.

लाट ओसरली. घोडे खाली बसले. पाणी फटींतून पाझरलं, पण आत लोंढा शिरला नाही. मग पुढची लाट आली, तिच्यामागून आणखी एक. पूर्ण दुपार घोडे माना उचलत होते आणि खाली बसत होते. उन्हं कलली, ओहोटी लागली, तेव्हा कुठे पेत्रोनिलोआजोबा वाळूत मांडी घालून बसले.

"ऐंशीच्या घरात आलो," ते तिघांना म्हणाले. "घोड्यावर बसून समुद्रात जाणारे खूप पाहिले. घोडे उभे करून समुद्राला अडवणारी तुम्हीच पहिली." आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की यापुढे खाचरात जाणाऱ्या प्रत्येकाने येता-जाता बांधावर एक गोटा ठेवायचा. बाबांनी सगळ्यांच्या आधी उठून पहिला गोटा ठेवला.

जत्रा एक आठवडा पुढे गेली आणि व्यासपीठ बरंच बुटकं झालं. स्पर्धेत नायेली दुसरी आली. तिचं तिलाच नवल वाटलं, की तिला त्याचं फार वाईट वाटलं नाही. बाबा रोज सकाळी कडेच्या खाचरातलं पाणी उपसत होते आणि तळातून नवं झिरपत होतं. ते बरं झालंय का, हे काही कोणी धड सांगत नव्हतं.

सुट्टी संपून रेंझो लिमाला निघाला, त्या सकाळी बाबा तिघांना घेऊन खाचरावर गेले. पिवळ्या पात्यांच्या बुडाशी बोटभर हिरवं फुटलं होतं. बाबा वाकले, ओंजळ भरली, पण तोंडाजवळ नेऊन थांबले.

"नको," ते म्हणाले. "माझ्या जिभेचं काही खरं नाही. कांचा, इकडे ये बाबा. तू सांग."

कांचा उतरला. त्याने पाणी हुंगलं, बराच वेळ हुंगलं. नायेलीने रेंझोचा हात घट्ट धरला. पिएरोने डोळे मिटून घेतले.

मग लप लप आवाज आला, आणि तो कितीतरी वेळ थांबला नाही.