पहिल्या फ्रेमचा तारा

"मी चोर नाही हो, कुंदाताई!" उत्तरा कर्णिक दारातच रडू लागली.

साल १९८७. खासगी तपासनीस कुंदा सबनीसांच्या मुलुंडच्या घरी त्यांचा मावसभाऊ बाळा चहा ढोसत होता. उत्साह दांडगा, अक्कल बेताची.

उत्तराच्या सोसायटीचं आकाशनिरीक्षण मंडळ मार्चमध्ये कन्याकुमारीला गेलं होतं. दक्षिण आकाशात स्फोट झालेला तारा मुलुंडहून दिसेना, म्हणून. कॅमेऱ्यापुढे लोलक लावून काढलेला त्याच्या वर्णपटाचा, म्हणजे प्रकाशातल्या रंगरेषांचा, उत्तराने काढलेला फोटो पेपरात झळकला. उद्या एक शास्त्रज्ञ मूळ निगेटिव्ह बघायला येणार, आणि ती कुलूपबंद कपाटातून गायब! किल्ल्या दोघांकडेच, उत्तराकडे आणि अध्यक्ष नंदकुमार सरांकडे.

"सर पोलिसांत गेले?"

"नाही. घरची बाब म्हणाले. पण चारचौघांत माझी किल्ली काढून घेतली. आई जिन्यातून मान खाली घालून जाते."

"रोलवर काय काय होतं?"

"पहिला फोटो नेहमी निघताना सोसायटीच्या गेटवरच्या पाऱ्याच्या दिव्याचा, लोलक तपासायला. बहुतेकदा ती फ्रेम रोल चढवतानाच उजेड लागून जळते. पुढचे ताऱ्याचे. एकच रेखीव आला, तो सरांनी छापला. बाकीचे धूसर. माझा हात हलला, असं सर म्हणाले. पण शेजारच्या ताऱ्यांच्या रेषा स्पष्ट होत्या ना!"

सोसायटीत पोचल्यावर सरांनी कुंदाताईंना हात जोडले. "गवगवा नको. पोरीचं नाव खराब होईल."

दिवे लागल्यावर कुंदाताई पेपरातला फोटो घेऊन गेटपाशी गेल्या आणि लोलकातून दिवा बघत राहिल्या.

"ताई, तारा वर असतो," बाळा म्हणाला.

"हाच तर घोळ झाला, बाळा."

मंडळाच्या खोलीत उत्तराच्या देखत त्यांनी फोटो सरांपुढे ठेवला. "स्फोटातला वायू प्रचंड वेगाने चहूकडे फेकला जातो, म्हणून त्याच्या रेषा पसरट होतात. या केसासारख्या बारीक आहेत. हा वायू जागचा हललेला नाही. गेटच्या दिव्यात कोंडलेल्या वायूच्या याच रेषा, याच अंतरावर दिसतात. पहिली फ्रेम जळलीच नव्हती, सर. तुम्ही तीच छापलीत. शास्त्रज्ञ येणार कळल्यावर तुम्ही पट्टी पुन्हा तपासलीत, तेव्हा ते उमगलं, आणि कपाट तुमच्याच किल्लीने उघडलं."

सरांनी फोटो पालथा घातला. "लाज वाटली हो. अख्खी सोसायटी हसली असती. निगेटिव्हची अख्खी पट्टी जाळली मी."

"आणि धूसर फ्रेम्स?"

"त्याही. बिघडलेल्याच होत्या."

"हात हलला असता तर शेजारचे तारेही धूसर आले असते," कुंदाताई हळूच म्हणाल्या. "फक्त स्फोटाच्या ताऱ्याच्या रेषा पसरट होत्या. तोच खरा तारा होता, सर. उत्तराने टिपलेला."

सरांनी खिशातून उत्तराची किल्ली काढून टेबलावर ठेवली. वर बघायचं धैर्य त्यांना झालं नाही.

"राहू दे, सर," उत्तरा म्हणाली. "आता कपाटात काय आहे?"