दाराखालचा टॉवेल

रेगमामा त्या संध्याकाळी लाकडं टाकायला आले होते. आम्ही मागवली नव्हती. ते माझ्या नवऱ्याचे, ल्यूकचे, सख्खे मामा. गावाच्या स्वयंसेवक अग्निशमन दलात त्यांचं आयुष्य गेलं. दोन उन्हाळे वाळवलेलं ट्रेलरभर लाकूड त्यांनी आमच्या मागच्या पडवीत रचून दिलं, आणि ल्यूकनं पैशाचं नाव काढल्यावर त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं चहा ठेवायला गेला.

जेवणं झाली. बाहेर गवतावर हिव गोठायला लागलं होतं. आर्चीला निजवून मी बाहेर आले, शेगडीत रात्रीचा मोठा ओंडका सरकवला, काचेचं दार लावलं आणि हवेच्या दांडीला हात घातला. हवा आवळली की लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसत राहतं, आणि सकाळी घर उबदार सापडतं. आमच्या खोऱ्यात याला शेगडी निजवणं म्हणतात. आधी बाळ, मग शेगडी.

“थांब गं पोरी. जरा पेटू दे,” मामा म्हणाले.

“पहाटेपर्यंत टिकायला हवी, मामा. आर्चीला सर्दी झाली तर मी...”

“तर ती रात्रभर फोनवर न्यूमोनियाची लक्षणं वाचत बसेल,” ल्यूक म्हणाला. हे खरं असल्यामुळे मला फार राग आला.

“एक गोष्ट सांगतो. तेवढा वेळ उघडी ठेव.”

“भुताची?” सोफ्यावरून मॅडीनं विचारलं. ही माझी धाकटी नणंद, सुट्टीला आलेली. “मामा, मागच्या वेळी तुमच्या भुताचं वासरू निघालं होतं.”

“या वेळी नाही निघणार. माझ्या मित्राच्या पोरीची गोष्ट आहे, ब्रॉनीची. तो दिवा घालव.”

ल्यूकनं दिवा घालवला. शेगडीच्या काचेतून येणाऱ्या उजेडात मामांचा अर्धाच चेहरा दिसत होता.

“दोन हिवाळ्यांपूर्वीचं आहे हे,” मामा म्हणाले. “ब्रॉनीचं बाळ तेव्हा एवढंसं. इव्ही. नवरा ग्रँट, माशांच्या कारखान्यात रात्रपाळीला. म्हणजे रात्री घरात या दोघीच. आणि शेजारी नॉर्मा डिरीन, म्हातारी, एकटी. तिची छाती अधू. कुंपणापलीकडे कपडे वाळत घालायला लागली की खोकला ऐकू यायचा. दोनदा खोकायची. थांबायची. मग एक लांब श्वास ओढायची, विहिरीतून पाणी ओढल्यासारखा.

“तर मे महिन्यात, इथला हिवाळा लागताना, नॉर्मा ब्रॉनीच्या दारात आली. हातात प्लमच्या जॅमची बाटली. आधी जॅम दिला, बाळाचं कौतुक केलं, मग हळूच म्हणाली, ‘बाई, रात्री शेगडी निजवू नकोस ना. नुसता धूर होतो, आणि तो सगळा माझ्याकडे येऊन बसतो.’ ब्रॉनीच्या कडेवर इव्ही. तिला झोप नव्हती कित्येक दिवसांची. ती फटकन म्हणाली, ‘मग काय माझ्या बाळाला गारठून मारू?’

“नॉर्मा एकदम कावरीबावरी झाली. ‘नाही गं, नाही,’ म्हणाली. उलट तिनंच माफी मागितली. आणि गेली.”

“जॅम?” मॅडीनं विचारलं.

“जॅम खाल्ला त्यांनी.”

मॅडी हसली नाही.

“जुलैत नॉर्मा गेली. छातीनंच. तिचा मुलगा होबार्टहून घर रिकामं करायला आला. मी ट्रेलर घेऊन मदतीला गेलो, ब्रॉनीही आली. आत गेलो तर ब्रॉनीच्या बाजूच्या प्रत्येक खिडकीच्या फटीत टॉवेलांच्या गुंडाळ्या दाबलेल्या. ओल्या करून ठेवत असणार, वाळून कडक झाल्या होत्या. आणि प्रत्येक गुंडाळीवर, बाहेरच्या बाजूला, काळी रेघ. काजळीची. मुलगा म्हणाला, ‘आईला थंडी फार वाजायची बहुतेक.’ मी ब्रॉनीकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

“म्हणाली, ‘हो. थंडीच वाजत असेल.’

“ते टॉवेल मी माझ्या हातानं कचरा डेपोत टाकले. हिरव्या पट्ट्यांचे. कोपऱ्यात कापडी पट्टीवर नाव शिवलेलं, एन. डिरीन. इस्पितळात राहायला लागायचं ना तिला अधूनमधून.”

मामांनी कपातला गार चहा संपवला.

“आणि त्या रात्री ब्रॉनीनं शेगडी...” ल्यूक म्हणाला.

“निजवली. सवय रे. आणि बाळ लहान.”

माझा हात अजून दांडीजवळच होता. तो मी मांडीवर घेतला.

“सहा ऑगस्टची रात्र. मंगळवार. वारा अजिबात नाही, सगळ्या खोऱ्यात धूर गोधडीसारखा अंथरलेला. ग्रँट कामावर. ब्रॉनीनं बाळाला निजवलं, शेगडी निजवली, आणि स्वतः आडवी झाली. उशाशी ते यंत्र, बाळाच्या खोलीतला आवाज ऐकू येतो ते.”

“बेबी मॉनिटर,” मी म्हणाले. आमच्याकडे दोन आहेत. एक बंद पडलं तर म्हणून.

“तेच. मध्यरात्र उलटल्यावर तिला जाग आली. यंत्रातून खोकला येत होता.

“तिला वाटलं, इव्ही. उठायला गेली. डोकं ठणकतंय. पाय उचलत नाहीत. पुन्हा खोकला. दोनदा.

“मग थांबला.

“मग... तो श्वास.”

ओंडक्यानं आता चांगला पेट घेतला होता.

“यंत्रातून बाई बोलत होती. हळू. बाळाला थोपटताना बोलतात तसं.

“‘नाही गं... नाही...’

“ब्रॉनी धावली. धावली कसली, भिंत धरत गेली. बोळात काही दिसेना. तिला वाटलं, आपले डोळेच गेले. पण तो धूर होता. शेगडीतून घरात येत होता.”

“धुराड्यातून वर का नाही गेला?” मॅडीचा आवाज बारीक झाला होता.

“धुराडं बंद झालं होतं. रोज रात्री निजवून निजवून आत डांबर साचलं होतं, तोंडापर्यंत. दुसऱ्या दिवशी मीच ते खरवडून काढलं, बादलीभर.”

“आणि धुराचा अलार्म?” ल्यूकनं विचारलं.

“अलार्म मधूनच टिकटिक करून बाळाला उठवायचा. तिनं बॅटरी काढून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली होती.”

ल्यूकनं वर आमच्या छताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी काचेकडे बघत राहिले.

“ती इव्हीच्या दाराशी पोचली. दार ढकललं. उघडेना.

“कडी नव्हती त्या दाराला. खाली काहीतरी अडकलं होतं. आतल्या बाजूनं.

“तिनं खांदा लावला. दार सरकलं. थोडं. आणखी थोडं...

“आत हवा स्वच्छ. गार, स्वच्छ. इव्ही झोपलेली. गाल गुलाबी. खिडकी बंद, खिटी लावलेली. खोलीत कुणी नाही.

“तिनं पोर उचललं, तशीच अनवाणी अंगणात आली आणि मला फोन केला. मी गेलो. शेगडीतलं लाकूड बाहेर काढलं, दारं खिडक्या उघडल्या. मग त्या खोलीत गेलो. दाराच्या आत, फटीला लावून, टॉवेलाची गुंडाळी होती. ओली. पिळलं तर पाणी निघेल इतकी. हिरवे पट्टे. कोपऱ्यात नाव शिवलेलं. बोळाच्या बाजूला काळी रेघ.”

“तुम्ही टाकले होते ना सगळे?” मॅडी म्हणाली.

“टाकले होते.”

“एखादा राहिला असेल. ब्रॉनीनंच लावला असेल, झोपेत.”

“आतल्या बाजूनं लावून बाहेर कशी आली असेल मग?”

मॅडीनं पाय सोफ्यावर ओढून घेतले.

“आता कुठंय तो टॉवेल?” मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण सगळं माहीत असल्याशिवाय मला झोप येत नाही, आणि माहीत झाल्यावर तर येतच नाही.

“इव्हीच्या कपाटात. धुऊन, घडी करून ठेवलाय. टाकवत नाही म्हणते. ब्रॉनी शेगडी निजवत नाही आता. पहाटे उठून लाकूड घालते. रोज सकाळी कपाट उघडून टॉवेलाला हात लावते, मग दिवस सुरू. दोन वर्षं कोरडा होता.”

“होता म्हणजे?”

“या महिन्यात रोज सकाळी ओला असतो.” मामांनी कप खाली ठेवला. “ज्या दिवशी वारा नसतो, त्या दिवशी जास्त.”

ल्यूकनं दिवा लावला. कुणाला तो नको होता असं दिसलं नाही.

“राहते कुठे ही ब्रॉनी?” मी विचारलं.

मामांनी हनुवटीनं मागची खिडकी दाखवली. आमचं घर उतारावर, वरच्या अंगाला आहे; वारा नसला की धूर खालीच उतरतो. मार्चमध्ये आम्ही इथे राहायला आलो, तेव्हापासून त्या खिडकीतून मला रोज एकच छप्पर दिसतं, आमच्या कुंपणाच्या खाली. पांढरं घर.

“ती बाई?” मी म्हणाले. “ती आली होती गेल्या आठवड्यात कुंपणाशी. मुलगी बरोबर होती. आर्चीची चौकशी केली. रात्री झोपतो का, विचारलं. मी म्हटलं, घर गरम असलं की झोपतो. जरा घुटमळली आणि गेली. मला वाटलं, लाजाळू असेल.”

“शेगडी निजवू नकोस म्हणायलाच आली होती,” मामा म्हणाले. “तोंड उघडेना तिचं. तिनं स्वतः नॉर्माला काय उत्तर दिलं होतं ते आठवलं.” ते उठले, कोट चढवला. “वाळलेलं लाकूड आहे. मोकळ्या हवेत पेटव. पहाटे एकदा उठावं लागेल, एवढंच.”

त्यांच्या गाडीचा आवाज उतारावरून खाली गेला. ल्यूक स्टुलावर चढून अलार्ममध्ये बॅटरी बसवत होता. ती कुठे ठेवलीय, हे त्यानं मला विचारलं नाही. सरळ स्वयंपाकघरातल्या फळीवरून घेऊन आला.

दांडी मी उघडीच ठेवली. खाली पांढऱ्या घरात एका खोलीत दिवा होता, लहान मुलांच्या खोलीत असतो तसा मंद. टॉवेलावर आता काळी रेघही उमटते का, आणि ती आमच्या घराच्या बाजूला असते का, हे मी मामांना विचारलं नव्हतं.