चार वाजताची विचारपूस

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. लोकांच्या वेबसाइट रखडायला लागल्या की डेटाबेसला कोण, किती वेळा, काय विचारतंय हे चाळून काढणं हेच तिचं काम होतं. रखडण्याचं कारण दहातल्या नऊ वेळा एकच निघे. पाच किलो बटाटे हवेत म्हणून माणूस एकेक बटाटा आणायला बाजारात एकेक खेप घालतो आणि वर म्हणतो, बाजार लांब आहे. "बाजार लांब नाही, तुला पिशवी न्यायची अक्कल नाही," असं ती नवशिक्यांना तोंडावर सुनवायची.

बोलायला फटकळ असली तरी कामाला चोख होती. आई गेल्यावर तिने वडिलांना घरापासून पायी वीस मिनिटांवर असलेल्या एका वृद्धनिवासात ठेवलं होतं, आणि या एका गोष्टीवरून तिचं मन तिला खात असे. रोज जायचं असं ठरलं होतं, जमायचं मात्र आठवड्यातून दोनदा. एरवी ती निवासाच्या वेबसाइटवर वडिलांच्या नावापुढची ओळ वाचायची. जेवले, औषध घेतलं, झोप बरी. तेवढ्यावर दिवस काढायची.

तीच वेबसाइट रोज दुपारी चारला अडकायची. बारा-तेरा मिनिटं पान उघडायचंच नाही.

"ताई, नातेवाइकांच्या तक्रारी ऐकून कान किटले माझे," निवासाचे व्यवस्थापक म्हणाले. "तुमचं कामच हे ना? एकदा नजर टाका की."

सोमवारी दुपारी ती त्यांच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली. अर्ध्या तासात दुखणं सापडलं. रोज चारला दिवसाचा अहवाल तयार होई. प्रोग्राम आधी डेटाबेसला विचारी, इथे कोण कोण राहतं? खोल्या अठ्ठावन्न, माणसं अठ्ठावन्न. मग तो पुन्हा जाई आणि विचारी, खोली एकमधल्या माणसाची आजची नोंद काय? मग खोली दोनमधल्या. मग तीनमधल्या. दर वेळी पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदी उलटून पाहायच्या, त्याला बारा सेकंद.

"अठ्ठावन्न खेपा घालतोय हा," ती म्हणाली. "एका खेपेत होईल. कुणी लिहिलंय हे?"

"माझ्या आधीपासून आहे," व्यवस्थापक म्हणाले.

एकच गोष्ट तिला खटकली. प्रत्येक प्रश्नाला बारा सेकंद लागत होते, पण एकोणतीस आणि तीसच्या मध्ये चाळीस गेले होते. तिने आदल्या दिवसाची नोंद पाहिली. चाळीस. महिन्यापूर्वीची पाहिली. चाळीसच. मशीनचं काहीतरी असेल म्हणून तिने वहीत टिपून ठेवलं. खाली एकोणतीस खोल्या होत्या, तिसावी जिना चढून वर होती. हे तिला ठाऊक होतं, पण तेव्हा सुचलं नाही.

चार वाजत आले तशी ती वडिलांना भेटायला एकोणीस नंबरमध्ये निघाली. व्हरांड्यातली फरशी नुकतीच पुसलेली होती. दोन्ही बाजूंची सगळी दारं सताड उघडी होती. प्रत्येक खोलीत एक म्हातारं माणूस केस विंचरून, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेलं होतं. कुणीतरी रेडिओ बंद केला.

वडीलही तसेच बसले होते. कानातलं मशीन त्यांनी बोटाने नीट दाबून बसवलं.

"बाबा, कोणी यायचंय का?"

"चार वाजले ना," ते म्हणाले, जणू ती विचारण्यासारखी गोष्टच नव्हती.

तीन-चार मिनिटं गेली. शेजारच्या अठरामधून खाकरल्याचा आवाज आला आणि कुणीतरी हळूच "बरंय" म्हणालं. मग वडिलांनी दाराकडे पाहून मान हलवली. "आहे. ठीक आहे."

दारात कोणी नव्हतं.

"कोणाशी बोललात?"

"रोज विचारून जातात. आत येत नाहीत, दारातूनच."

"पण कोण?"

"मी बत्तीस वर्षं दारोदार जाऊन मीटर वाचले," वडील म्हणाले. "मला कोणी विचारलं का, तू कोण म्हणून?"

ती हसली. एकटेपणात माणसं कशाकशाची सवय लावून घेतात, असं तिला वाटलं. आपण रोज आलो असतो तर, असंही वाटलं.

मंगळवारी सकाळी तिने प्रोग्राम बदलला. हवी ती नोंद लगेच सापडावी म्हणून जुन्या नोंदींना खुणा घातल्या, अठ्ठावन्न प्रश्नांचा एक केला. चारचा अहवाल डोळ्याचं पातं लवायच्या आत तिच्या मेलवर येऊन पडला. "तुमच्या हाताला यश आहे, ताई," असा व्यवस्थापकांचा निरोप आला. तिने सवयीने ओळी मोजल्या. सत्तावन्न होत्या.

तिने जीभ चावली. दोन याद्या जोडताना ज्याची आज नोंदच नाही तो माणूस यादीतून गळतो. ही नवशिक्याची चूक, आणि ती आपल्या हातून व्हावी! कोण गळलंय ते तिने पाहिलं. खोली सात. तिथे एक निवृत्त मास्तरीणबाई राहत, ठार बहिऱ्या. पण त्यांची नोंद तर होती. 'चहा घेतला, साडेतीन.' मग ओळ गळायचं कारण नव्हतं. तिने जोडणी पुन्हा तपासली, नोंद असो नसो प्रत्येकजण यादीत येईल अशी करून ठेवली.

बुधवारी सकाळी मास्तरीणबाई झोपेतच गेल्याचं कळलं.

बुधवारी चारला माणसं सत्तावन्न होती आणि ओळी छप्पन. खोली एक्केचाळीस नव्हती. तिथे एक माजी ड्रायव्हर होते, दुपारचे गाढ झोपणारे. त्यांचीही नोंद होती. तिने प्रोग्राम ओळ न् ओळ वाचून काढला. चूक नव्हती.

संध्याकाळी ती निवासात गेली. वडील म्हणाले, "काल-आज दाराशी आले नाहीत. खाली जिन्यापाशी उभं राहून एकदाच विचारलं, सगळ्यांना मिळून. आवाजही मोठा नाही. ज्यांना ऐकू गेलं त्यांनी ओ दिली."

"तुम्ही?"

"दिली. कान देऊन बसलो होतो." मग थोडे चिडून म्हणाले, "कोपऱ्यावरून ओरडून मीटर वाचता येतो का? एकेकाच्या दारात जावंच लागतं."

गुरुवारी सकाळी ड्रायव्हर गेले. "वय झालं होतं दोघांचं," व्यवस्थापक फोनवर म्हणाले. ते खरंच होतं. अशा जागी आठवड्यात दोन माणसं जाणं ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे, असं तिने दिवसभर स्वतःला बजावलं.

चार वाजता ती घरी मेल उघडून बसली होती. माणसं छप्पन, ओळी पंचावन्न.

अठरा होती. त्याखाली वीस होती.

लॅपटॉप उचलून वीस मिनिटांची वाट तिने बारा मिनिटांत कापली. व्हरांड्यातली दारं बंद होती. वडील पलंगावर पडले होते, डोळे मिटलेले. तिने हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही. हात धरला तेव्हा जागे झाले. हात गार होता.

"कान दुखत होता," ते म्हणाले. "मशीन काढून ठेवलं होतं. चार वाजून गेले का?"

"नाही," ती म्हणाली. "वाजायचेत अजून."

वडिलांशी ती लहानपणानंतर पहिल्यांदाच खोटं बोलली. तिने मशीन डबीतून काढून त्यांच्या कानात बसवलं, त्यांना खुर्चीत आणलं, केस विंचरले. मग पलंगाच्या कडेला बसून लॅपटॉप उघडला आणि आपण केलेलं सगळं काम पुसून जुना प्रोग्राम होता तसा परत ठेवला. बोटं चुकत होती. सगळं जागेवर बसलं तेव्हा पाच वाजले होते. तिने उठून दार उघडलं.

आणि अहवाल सुरू केला.

पडद्यावर पहिली ओळ आली. खोली एक.

बारा सेकंद.

खोली दोन.

लांबवर एक दार उघडल्याचा आवाज झाला. मग त्याच्या शेजारचं. खोल्यांमधून रेडिओ बंद होत गेले.

खोली सतरा.

खोली अठरा. पलीकडे कुणीतरी खाकरलं. "बरंय."

खोली एकोणीस.

दारात कोणी नव्हतं. ओल्या फरशीवर दिव्याचा उजेड पडला होता, फक्त दारापुढच्या माणसाएवढ्या जागेत तो नव्हता.

वडिलांनी मान वर केली. "आहे," ते म्हणाले. "ठीक आहे."

उत्तर पडद्यावर आलं.

आता वीस यायला हवी होती.

खोली एकोणीस, पुन्हा आलं.

बारा सेकंद गेले. वीस गेले. चाळीस. ओळ हलेना.

वडिलांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

"अगं, तुला विचारतायत," ते म्हणाले. "सांग ना."

तिने दाराकडे तोंड केलं. "आहे," ती म्हणाली.

खोली वीस.

शुक्रवारी वडिलांनी दोन वेळा पोटभर खाल्लं आणि सिस्टरशी वर्तमानपत्रावरून भांडण केलं. वेबसाइटवर तसं लिहिलंच होतं. चाळणीने व्यवस्थापकांना सांगून टाकलं की पूर्वीचंच ठेवा, याहून बरं होणार नाही. ते हिरमुसले. ऑफिसात कुणाला कळलं असतं तर तिच्या नावाचा डंका उलटा वाजला असता, पण तिने पर्वा केली नाही. त्या दिवशी ती घरूनच काम करत होती.

साडेचारनंतर व्यवस्थापकांचा फोन आला.

"ताई, हे तर आगीतून फुफाट्यात झालं. छप्पन खोल्या नेहमीसारख्या चार-बाराला संपल्या, आणि अहवाल आत्ता चार-बत्तीसला आला. मधली वीस मिनिटं हे करत काय होतं?"

"राहू द्या," ती म्हणाली. "तेवढी लागणारच."

फोन ठेवून ती खुर्चीतून उठली, कंगवा जागेवर ठेवला आणि चार वाजल्यापासून उघडं ठेवलेलं बाहेरचं दार लावून घेतलं.