दुसरा खुंटा

मिरकरवाड्याच्या जेटीवर पन्नास खलाशांसमोर माझी फजिती चालली होती. साल २००२. आमच्या लॅबतर्फे एचआयव्हीवर भाषण होतं आणि मी, महरीन, बोलण्यात कुणाला हार न जाणारी, घामाने निथळत होते.

"हा विषाणू रक्तातल्या शिपाई पेशींवर येतो. पेशीच्या अंगावर सीडी-फोर नावाचा रिसेप्टर असतो, त्याला तो धरतो…"

कुणी जांभई दिली, कुणी जाळं शिवायला घेतलं.

"धरला की लगेच आत, मॅडम?" शेजारच्या बोटीवरून एका तरुणाने विचारलं. डोळे मेले नुसते हसरे!

"नाही. मग दुसरा रिसेप्टर धरावा लागतो. तेव्हा आत शिरतो."

"म्हणजे बोट लागते तशी!" तो टुणकन खाली उतरला. "अरे, पुढचा दोर एका खुंट्याला टाकला, झालं काय? मागचा दुसऱ्या खुंट्याला पडेपर्यंत बोट हलतेच ना?"

सगळ्यांच्या माना डोलल्या. माझं भाषण याने पळवलं म्हणून मला अस्सा राग आला… आणि तो छानही दिसत होता, काय करणार!

तो झुबेर, बोट चालवणाऱ्या तांडेलांचा मुलगा. मग दर शुक्रवारी नमाजानंतर तो लॅबमध्ये शंका घेऊन यायचा.

"काहींच्या पेशीवर दुसरा खुंटाच नसतो म्हणे?"

"असतात तसे थोडे. त्यांना हा विषाणू सहसा लागत नाही. पण तुम्हाला एवढ्या चौकशा कशाला?"

"शंका संपल्या तर इथे येऊ कशाला?"

मी हसू दाबलं. शुक्रवारची वाट बघायची सवय मला कधी लागली, कळलंच नाही.

एका शुक्रवारी त्याने बाही वर केली. "चाचणी करायचीय. लग्नाआधी करा, तुम्हीच सांगितलंत ना?"

सुई हातातच राहिली. "लग्न… कुणाशी?"

"तिला अजून विचारलं नाही."

मी सुई जरा जोरातच टोचून रक्त घेतलं.

"दुखलं?" मी विचारलं.

"मला नाही. तुम्हाला?"

मी नळीवर त्याचं नाव लिहायला घेतलं. घरी जाऊन मात्र उशीत तोंड खुपसून रडले.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो न्यायला आला तेव्हा रात्रभर घोकलेलं 'मुबारक' मी विसरूनच गेले. मी पाकीट पुढे केलं. त्याने रिपोर्ट वाचला, घडी घातली आणि परत माझ्याच हातात ठेवला.

"तुमच्याकडेच राहू दे. जिला दाखवायचा होता, तिने पाहिला." तो आज हसत नव्हता. "माझा दोर पडलाय, महरीन… बोट अजून हलतेय."

या अल्ला! मी खुर्चीत बसले आणि माझी बाही कोपरापर्यंत वर सारली.

"राजश्री," मी आत काम करणाऱ्या मैत्रिणीला हाक मारली, "सुई घेऊन ये गं. माझंही रक्त घ्यायचंय."